पाच स्पीकर, बोलके दोनच

बाबांची तक्रार जुनीच होती, "गाणी दणदणीत, पण संवाद काही कळत नाहीत." घरात पाच स्पीकर आणि सबवूफर. त्यातला मधला आणि मागचे दोन पेनड्राइव्हवरच्या सिनेमाला मुके! मी आधी वायरी उपसल्या. उगाचच.

फाइलच्या नावात 5.1 असलं, तरी खात्री मीडियाइन्फोमध्ये करावी. ऑडिओसमोर 6 चॅनेल हवेत. 2 असतील तर पुढचा खटाटोप व्यर्थ. आमच्याकडे 6 होते. घोळ निघाला टीव्हीच्या सेटिंगमध्ये: डिजिटल आउटपुट पीसीएमवर. ऑप्टिकल केबलमधून पीसीएमचे दोनच चॅनेल जातात. सगळे न्यायचे, तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएसचा आवाज टीव्हीने न उलगडता जसाच्या तसा रिसीव्हरकडे सोडावा लागतो. यालाच सेटिंगमध्ये बिटस्ट्रीम किंवा पासथ्रू म्हणतात. (ऑडिओ एएसी असेल, तर बहुतेक रिसीव्हरना तो असा कळत नाही.)

संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तो रिसीव्हरवर 3 डेसिबलने वाढवला. बाबा आता सबटायटल्सशिवाय बघतात. आई मात्र परवा सिनेमातला पाऊस मागून ऐकून गॅलरीतले कपडे काढायला उठली.