अठरा पूर्ण होण्याआधी

मूल अठरा पूर्ण करतं त्या दिवसापासून कायद्याच्या लेखी आईबाप त्याचे पालक राहत नाहीत. ते बोलत नसलं, त्याला पैसे मोजता येत नसले, रस्ता एकट्याने ओलांडता येत नसला, तरीही. बँक त्याची सही मागते, सही येत नसेल तर पालकत्वाचा दाखला मागते, आणि बहुतेक घरांना असा काही दाखला असतो हे त्या खिडकीपाशीच पहिल्यांदा कळतं.

त्याच सुमारास विशेष शाळाही संपते. दहा-बारा वर्षं डबा घेऊन रिक्षातून जाणारा मुलगा एका जूनमध्ये घरी बसतो तो बसतोच. मग आई नोकरी सोडते. बाहेर जाणं थांबलं की त्याचं वजन वाढतं, चिडचिड वाढते, शाळेत शिकलेलं एकेक करून गळून जातं.

आम्ही बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचे आईबाप आहोत. 'मुलं' म्हणायची सवय लागली आहे, पण त्यांतली बरीच आता तिशी-चाळिशीची आहेत. ऐंशीला टेकलेली एक आई अजून पन्नाशीतल्या मुलाला आंघोळ घालते. आम्ही भेटलो की चहा येण्याआधी एकच विषय निघतो: आपल्या पश्चात याचं काय? हे आवाहन त्यासाठी आहे, आणि ते फक्त आमच्यासारख्या पालकांना नाही. तुमच्या आळीत, चाळीत, वाडीवर असं एक घर असणारच. 2011 च्या जनगणनेत नुसत्या बौद्धिक अक्षमतेची नोंद महाराष्ट्रात दीड लाखाच्या वर गेली होती, आणि स्वमग्नतेचा तर त्या अर्जात वेगळा रकानाच नव्हता.

आधी पालकांशी बोलतो. मूल सतरा-अठराचं असेल तर हातातली बाकी कामं बाजूला ठेवा आणि पालकत्वाचा अर्ज करा. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी ही सोय केली आहे. त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही. प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक स्तर समिती असते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, सोबत न्यासाकडे नोंदणीकृत असलेल्या एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील मिळून अर्ज करू शकतात, भाऊ-बहीण किंवा नातेवाईक करू शकतात, कोणीच नसेल तर संस्थाही करू शकते. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, वयाचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो आणि पालक होणाऱ्याची संमती तयार ठेवा. समितीने तीन महिन्यांतून एकदा तरी बसावं असं कायदा सांगतो. ती बसत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी विचारा की शेवटची बैठक कधी झाली. तोंडी विचारलं तर 'होईल, होईल' ऐकून घरी याल.

दाखला मिळाला म्हणजे मुलाच्या मालमत्तेचे मालक झालात असं नाही. सहा महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची असते आणि दरवर्षी हिशेब. काहींना हे जाचक वाटतं. आम्हाला तर यातच मुलाचं संरक्षण दिसतं, कारण उद्या तो हिशेब आपल्याऐवजी दुसऱ्याला द्यायचा आहे. आपण घेतलेलं पालकत्व आपल्याबरोबर संपतं. पुढे भावाला, पुतणीला किंवा संस्थेला नव्याने अर्ज करावा लागेल. तेव्हा तो माणूस आत्ताच ठरवा, त्याला विचारा आणि त्याच्या बायकोलाही विचारा. 'आमचा बंटी बघेल' म्हणून गृहीत धरलेल्या बंटीला स्वतःला ते ठाऊकच नसतं, अशी घरं आम्ही पाहिली आहेत. मृत्युपत्र करा. जमलं तर पैसा सांभाळणारा आणि माणूस सांभाळणारा वेगवेगळा ठेवा.

नोकरी सरकारी असेल तर आणखी एक काम आहे. मानसिक वा शारीरिक दिव्यांगत्वामुळे कमावू न शकणाऱ्या अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. केंद्राच्या नियमांत ते आहे, राज्याच्याही. त्याचं नाव तुमच्या सेवापुस्तकात आणि निवृत्तिवेतनाच्या कागदांत तुम्ही हयात असताना लागलं तर पुढची धावपळ निम्मी होते. खासगी नोकरीत भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शन योजनेतही कायमचं आणि संपूर्ण दिव्यांगत्व असलेल्या अपत्यासाठी तरतूद आहे. कचेरीतल्या पोराला ठाऊक नसेल तर नियम दाखवायला सांगा.

यातलं काहीही सुरू होतं ते यूडीआयडी कार्डापासून, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रापासून. एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्यविमा, सगळ्यांची चावी तीच. नोंदणी ऑनलाइन होते, तपासणी सरकारी रुग्णालयात. लहान वयात मिळालेलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं असतं, त्यावरची तारीख आज घरी गेल्यावर बघा. आणि निरामय विमा ज्यांनी काढला नसेल त्यांनी जवळच्या नोंदणीकृत संस्थेला गाठावं. वर्षाला काही शे रुपये भरून एक लाखापर्यंतचं संरक्षण मिळतं, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही, आणि दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा, थेरपीचाही काही खर्च मिळतो. या मुलांना साधा विमा द्यायला कंपन्या किती उत्सुक असतात ते आम्हाला माहीत आहे, म्हणून हे आग्रहाने सांगतो आहोत. दरवर्षी नूतनीकरण मात्र विसरू नका.

ज्यांची मुलं अजून पाळण्यात किंवा अंगणवाडीत आहेत त्यांच्यासाठी घाई निराळी आहे. नऊ-दहा महिन्यांचं बाळ नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, दीड वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही मागत नसेल, चालत नसेल, आलेला एखादा शब्द पुन्हा गेला असेल, तर 'त्याचा बापही उशिराच बोलला' या आजीच्या दाखल्यावर थांबू नका. आजीचं बरोबर असू शकतं, पण तपासून घेतल्याने कुणाचं काही बिघडत नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 साली आपल्याच पालघरला झाली. त्याचं पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासतं, आणि पुढचे उपचार जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होतात, मोफत. पथक येतं त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. अंगणवाडीताई, तुम्हालाही हात जोडून सांगणं आहे: ज्या मुलाची शंका येते ते पथकासमोर सगळ्यात आधी बसवा, 'त्रास देतं' म्हणून मागे नको.

मुलाच्या या वयात आईबाप घाबरलेले असतात आणि घाबरलेल्या माणसाला गिऱ्हाईक करणं सोपं. अंगारेधुपारे झाले, आता पांढऱ्या कोटातले उपायही आले आहेत. स्वमग्नता 'बरी' करण्यासाठी स्टेम सेलच्या इंजेक्शनांवर लाखो रुपये घालवणारी, त्यासाठी सोनं मोडणारी घरं आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 सालीच सांगितलं आहे की स्वमग्नतेवर हा उपचार करू नये. तेच पैसे वाचा-उपचारात, फिजिओथेरपीत, ऑक्युपेशनल थेरपीत घाला, नाहीतर मुदत ठेवीत टाका. शाळेत घेत नसतील तर हे लक्षात असू द्या: 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 या वयात जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिला आहे. 'आमच्याकडे नाही जमणार' हे मुख्याध्यापकांकडून लेखी मागा. लेखी मागितलं की पुष्कळदा जमतं.

आता शेजाऱ्यांशी. आम्हाला सगळ्यात मोठी गरज तुमची आहे. कुठलीही योजना ती भागवत नाही, आणि तिच्यासाठी पैसे लागत नाहीत.

अशा घरातल्या आईला आठवड्यातून दोन तास सुटी द्या. आधी नुसती ओळख करून घ्या. मुलाला काय आवडतं, मिक्सरच्या आवाजाने तो कान झाकतो का, पाणी हवं असेल तर काय खूण करतो. पहिले काही दिवस आईला घरातच राहू द्या. मग ती कोपऱ्यावरून भाजी घेऊन येईल. पुढे कधीतरी स्वतःचं रक्त तपासून येईल, जे ती गेली कित्येक वर्षं पुढे ढकलते आहे. तिला सल्ला देऊ नका, कुठल्या बाबाचा पत्ता देऊ नका, 'देव अशी मुलं खास लोकांनाच देतो' हेही नको. ते ऐकून ऐकून आम्हाला पाठ झालं आहे. लग्नाचं आमंत्रण द्याल तेव्हा 'त्यालाही घेऊन या' असं तोंडाने म्हणा, आणि गर्दी व्हायच्या आत पहिल्या पंगतीला बसवा. डीजेपासून लांबची खुर्ची द्या.

केस कापणं हा आमच्या घरांतला मोठा प्रसंग असतो. सलूनवाल्या दादांनी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, गिऱ्हाईक नसताना, मशीन न लावता नुसत्या कात्रीने काम केलं तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते. दातांच्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत मुलाला फक्त खुर्चीत बसवून सोडून दिलं तर दुसऱ्या भेटीत तो तोंड उघडेल.

निवृत्त तलाठी, बँकेतले कारकून, शिक्षक यांना वेगळी विनंती. तुम्हाला अर्ज भरायचा सराव आहे, कुठला कागद कुठे अडतो हे ठाऊक आहे. वर्षाला एका कुटुंबाचे कागद अंगावर घ्या, कार्डापासून पालकत्वाच्या दाखल्यापर्यंत. ज्यांच्याकडे रिकामं घर, बंद पडलेली शाळाखोली, समाजमंदिर आहे त्यांनी ते दिवसा दहा ते चार उघडून द्यावं. अठरानंतरच्या मुलांना सगळ्यात आधी हेच हवं, जायला एक जागा आणि हाताला काम. पणत्या, कागदी पिशव्या, फाइली, पाकिटं ही मुलं नीट करतात. दिवाळीला तुम्ही पणत्या घेता, आभारी आहोत, पण कार्यशाळा आषाढातही चालवावी लागते. कचेऱ्यांनी, पतपेढ्यांनी फाइलींची वर्षाची मागणी एकदम नोंदवावी.

हे होण्यासारखं आहे. मुंबईत शिवडीला जय वकील संस्था 1944 पासून आहे. पुण्यात सिंधूताई जोशींनी 1964 साली 'कामायनी' सुरू केली, नाशिकला रजनीताई लिमयांनी 'प्रबोधिनी' उभी केली, लातूरजवळ हरंगुळला 'संवेदना' आहे. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने तर प्रौढ मुलांसाठी खोणीला 'घरकुल' उभं केलं, तेही पालकांनी एकत्र येऊन. पण यातली बहुतेक नावं मोठ्या शहरांची आहेत, आणि प्रौढांसाठी निवासाची सोय जिथे आहे तिथे थांबणाऱ्यांची रांगही आहे. ज्यांना घरच नाही त्यांचं काय होतं ते अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला जाऊन पाहावं. शंकरबाबा पापळकरांनी बेवारस सापडलेल्या दिव्यांग मुलांना बाप म्हणून आपलं नाव दिलं. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडावं लागतं, मग ही मुलं जाणार कुठे, हा त्यांचा सरकारला वर्षानुवर्षांचा प्रश्न आहे. राज्याने 2022 साली दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं केलं, चांगलं केलं. त्या खात्याकडे आमची पहिली मागणी हीच: प्रत्येक तालुक्यात प्रौढांसाठी दिवसभराचं एक केंद्र आणि प्रत्येक जिल्ह्यात एक निवास.

मागणीला वजन यायचं तर आकडा लागतो. फेब्रुवारी 2027 मध्ये जनगणनेचे प्रगणक दारात येतील. पण थोरल्या बहिणीचं लग्न ठरतंय म्हणून धाकट्याला आतल्या खोलीत ठेवायची पद्धत अजून गेलेली नाही. कारण आम्हाला समजतं, आम्हीही त्याच समाजात राहतो. तरीही त्या दिवशी त्याची नोंद करा. शेजाऱ्यांनीही लक्ष ठेवावं.

पैसा अगदीच नाही असंही नाही. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. कित्येक ठिकाणी मार्च उजाडला की घाईघाईने वस्तू वाटून हा निधी संपवतात, नाहीतर तो पडून राहतो. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वाट्याला त्यातलं बहुधा काहीच येत नाही, कारण तो सभेत येऊन मागत नाही. ते तुम्ही मागा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, यातली जी ग्रामसभा आधी येईल तिथे उभे राहा आणि तीन गोष्टी विचारा: गेल्या वर्षी दिव्यांग निधी किती जमला, कशावर खर्च झाला, आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या गावातल्या किती जणांना त्यातलं काय मिळालं. उत्तर काहीही येवो, प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्या इतिवृत्ताची नक्कल मागून घेऊन गावातल्या अशा मुलाच्या घरी नेऊन द्या.