काचेपलीकडचा निसर्ग

कोकणात जागा विकणाऱ्यांच्या भाषेत ‘निसर्गाशी सुसंवाद’ या शब्दांना सध्या मोठा भाव आला आहे. सुसंवाद म्हणजे काय, तर पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, पुढे पोहण्याचा तलाव आणि त्यापुढे समुद्र. मधले केवड्याचे बन ‘दृश्य अडते’ म्हणून आधीच साफ केलेले. जंगलातले घर हवे, पण जंगल तेवढे घराच्या मागे असावे!

किनाऱ्यावरच्या जुन्या वस्त्यांत समुद्र पाहण्यासाठी कोणी घर बांधले नाही. आधी वाळूचा उंचवटा, त्यावर केवडा, मग नारळी-पोफळीची वाडी आणि वाडीच्या आडोशाला घर. उतरते छप्पर, खाली झुकलेली पडवी, जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती. पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापे बांधत. झड त्यांवर फुटे. झापे कुजली की पुढल्या वर्षी नवी. यात सौंदर्यदृष्टीपेक्षा धास्ती अधिक होती आणि ती रास्त होती. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकले (त्याचे नाव ‘निसर्ग’ असावे, हे जाहिरातकारांनी विसरू नये), तेव्हा कौले-पत्रे उडाले, वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वाडीचे कवच असून ही गत. ते तोडून तिथे काच उभी करणे याला सुसंवाद म्हणायचे?

जुने ते सारे निर्दोष, असे मुळीच नाही. त्या घरांचे वासे जंगलातूनच आले, चिरेखाणींनी सडे पोखरले, आणि वाडीत राबणाऱ्या अनेकांना ओटीवर जागा नव्हती. म्हणूनच सिमेंटच्या भिंतीला वरून चिरा चिकटवून ‘पारंपरिक’ म्हणवणाऱ्यांचेही मला कौतुक नाही.

मुळात प्रश्न पाण्याचा आहे. किनाऱ्याच्या वाळूत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. रहाटाच्या उपशाला ते पुरते. पंपाने ओढत राहिले की खालचे खारे वर येते. २०१९च्या किनारा नियमन अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला. म्हणजे पंप आणखी जवळ आले. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे शंभर चौरस मीटरचे छप्पर वर्षाला तीन लाख लिटर पाणी झेलते. ते साठवायची टाकी आराखड्यात कुठे आहे, हे वास्तुविशारदाला आधी विचारावे. तलावाची जागा तो न विचारताच दाखवतो. त्या तलावाचे पाणी ज्या भूगर्भातून येते, त्यातूनच शेजारणीची कळशी भरते. तिची विहीर मात्र कोणत्याच नकाशावर काढलेली नसते.