स्वेटर तारीख बघून काढायचा का?

काल सकाळी सातला आमच्या गावातल्या एका शाळेच्या गेटवर दुसरीतली पोरगी रडवेली उभी. गुन्हा काय? अंगात स्वेटर. '१ मार्चपासून स्वेटर बंद' असा शाळेचा नियम. स्वेटर काढून दप्तरात कोंबला, तेव्हा आत सोडलं. कुडकुडत गेली बिचारी.

शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव बदललं तरी नियम तोच निघेल.

अहो, आपल्या खानदेशात या दिवसांत पहाटे गाडीवर कानटोपी लागते आणि दुपारी त्याच रस्त्याला डोक्याला रुमाल. 'होळी जळाली, थंडी पळाली' म्हणणारी माझी आजीसुद्धा दुसऱ्या दिवशी गोधडी माळ्यावर टाकत नव्हती. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने राज्यभर उभा गहू आडवा केला. २०२३ च्या फेब्रुवारीत देशातलं दिवसाचं सरासरी तापमान १९०१ पासूनचं सर्वाधिक. असले हे महिने, आणि शाळा तारीख ठरवणार!

बरं, दुपारी उलटा छळ. सुटल्यावर रिक्षात कोंबलेली पोरं, गळ्यात टाय, पायात बूट-मोजे, घामाघूम. वर्गात टाय सैल केला तरी डायरीत शेरा. नियम करणारे साहेब पंख्याखाली हाफ शर्टात. त्यांना टाय नाही, हे विशेष.

मागणी एवढीच: फेब्रुवारी-मार्चमध्ये थंडी वाटेल त्याला स्वेटर घालू द्या, ऊन चढलं की टाय-मोजे काढू द्या. शनिवारी पालकसभा आहे. मी जातोय. अजून चार जण या. एकटा गेलो तर 'बातमीवाला आलाय' म्हणून चहा पाजून कटवतात.