काम जेवढे, चौकशी तेवढीच!

बुऱ्हाणपूरकर बंधू-भगिनींनो,

लालबागची ताप्ती मिल २०२०पासून बंद आहे. पॉवरलूमच्या मजुरीवर घर चालत नाही, म्हणून आपली मुले-मुली इंदूर, सुरत, पुण्याच्या कंपन्यांत अर्ज करतात. मुलाखत चांगली होते आणि मग ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन’चा फॉर्म हातात पडतो. जुन्या पगाराच्या स्लिपा द्या. बँकेचे स्टेटमेंट द्या. सिबिल रिपोर्ट द्या. वडील काय करतात, लग्न कधी करणार, इन्स्टाग्रामचे खाते कोणते, तेही लिहा. खाली संमतीची सही करा, तिची प्रत मात्र मागू नका. कुठे कुठे तर मूळ मार्कशीटच ठेवून घेतात. पुढे एजन्सीचा माणूस मोहल्ल्यात येऊन शेजाऱ्यांना प्रश्न विचारतो. नोकरी लागो न लागो, मुलीच्या नावाची कुजबुज मागे राहते.

पदवी खरी आहे का, आधीच्या ठिकाणी खरोखर काम केले का, हे तपासायचा मालकाला पूर्ण हक्क आहे. शाळेची बस चालवणाऱ्याचे लायसन्स आणि त्याच्यावरचे गुन्हे तपासलेच पाहिजेत. आमचा विरोध त्यापुढच्या चौकशीला आहे. कामाशी ज्याचा संबंध नाही, ते विचारायचा अधिकार पगार देणाऱ्याला नाही.

‘कर नाही त्याला डर कशाला?’ असे आपल्यातलेच काही जाणते लोक विचारतात. डर गुन्हा उघड होण्याची नाही. जुना पगार कळला की नवा पगार कामावर ठरत नाही, तुमच्या गरजेवर ठरतो. गरोदरपण कळले की बाई नको होते. काम नव्हते म्हणून हप्ता थकला, आणि हप्ता थकला म्हणून काम मिळत नाही, या चक्रात सापडलेल्या माणसाने कोणता गुन्हा केला?

ही भीती मनाची नाही. आयुर्विमा महामंडळाच्या फॉर्ममध्ये महिला उमेदवारांना मासिक पाळी, गर्भपात, बाळंतपण यांची माहिती विचारत. एका महिलेला ती लपवल्याच्या आरोपावरून कामावरून काढले. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावले आणि ते रकाने फॉर्ममधून काढून टाकायला सांगितले. तरीही तीस वर्षांनी स्टेट बँकेने तीन महिन्यांहून अधिक गरोदर असलेल्या उमेदवारांना ‘तात्पुरत्या अपात्र’ ठरवणारा नियम आणला. देशभर आवाज उठला, तेव्हा जानेवारी २०२२मध्ये तो मागे घ्यावा लागला. न्यायालयाचा निकाल असूनही शेवटी लोकांनाच बोलावे लागले.

मुंबई उच्च न्यायालयाने १९९७मध्ये ठरवले की एचआयव्ही असलेला माणूस काम करायला समर्थ असेल आणि इतरांना धोका नसेल, तर त्याला काम नाकारता येत नाही. २०१७च्या कायद्याने नोकरीसाठी एचआयव्ही चाचणीची अट घालण्यावरच बंदी आणली.

आता आपल्याच राज्यातली गोष्ट. नगरपालिकेची एक शाळा मध्य प्रदेश सरकारने ताब्यात घेतली. तिथल्या शिक्षकाला, तो पूर्वी एका राजकीय पक्षाच्या आणि संघटनेच्या कामात होता, एवढ्या पोलीस अहवालावर सरकारने घरी बसवले. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सरकारला खडसावले. भारत हे पोलिसी राज्य नाही, असे बजावले आणि निव्वळ संशयावर लोकांच्या नोकऱ्या घालवणाऱ्या अमेरिकेतल्या मॅकार्थीच्या काळाची आठवण दिली. जुन्या राजकीय मतांसाठी कुणाला सरकारी नोकरीच्या दारातून परत पाठवता येणार नाही, हे तेव्हा ठरले.

मग गावाच्या नावावरून किंवा जातीवरून कुणाला कसे परत पाठवता येईल? खकनार तालुक्यातल्या पाचोरीचे नाव वर्तमानपत्रात गावठी पिस्तुलांच्या बातम्यांत येते. म्हणून तिथल्या शिकलीगर समाजाचा प्रत्येक मुलगा गुन्हेगार ठरत नाही. पारध्यांवरचा ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का देशाने १९५२मध्येच पुसला. तो चौकशीच्या कागदावर पुन्हा उमटता कामा नये. अल्पवयात हातून काही घडले असेल आणि खटला निकाली निघाला असेल, तर पोलिसांनी ती नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी कुणाला द्यायची नाही, असे २०१५च्या बाल न्याय कायद्याचे कलम ७४ सांगते. आपल्या किती पालकांना हे माहीत आहे?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात, ज्या कारणासाठी माहिती घेतली त्याला लागेल तेवढ्यापुरतीच संमती धरली जाईल, असे लिहिले आहे. पण त्याच कायद्याच्या कलम ७मध्ये नोकरीच्या कारणासाठी संमतीविना माहिती वापरायची वाट ठेवली आहे. ज्याला अजून नोकरीच लागलेली नाही, त्याला या वाटेने लुटू देऊ नका.

आमच्या मागण्या:

१. जिल्ह्यात सरकारी रोजगार मेळावा भरतो तेव्हा येणाऱ्या प्रत्येक कंपनीचा फॉर्म रोजगार कार्यालयाने आधी तपासावा. लग्न, गरोदरपण, जात, धर्म, वडिलांचा धंदा हे रकाने त्यातून काढावेत.

२. मूळ मार्कशीट कुणीही ठेवून घेऊ नये. ती पाहावी आणि तिथल्या तिथे परत द्यावी.

३. मोहल्ल्यात चौकशी करायची असेल तर उमेदवाराला आधी लेखी कळवावे आणि अहवालाची प्रत त्याला द्यावी. खोटे लिहिले असेल तर ते खोडून काढायची संधी त्याला मिळावी.

४. ज्याला नाकारले त्याची कागदपत्रे परत करावीत आणि साठवलेली माहिती पुसावी.

५. पैसे हाताळायचे काम नसेल तर सिबिल रिपोर्ट मागू नये.

तोपर्यंत आपणही सावध राहू. आधारची प्रत द्यावीच लागली, तर पहिले आठ अंक झाकलेले ‘मास्क्ड आधार’ द्या. झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहा. कोऱ्या कागदावर सही करू नका. सही केलेल्या प्रत्येक फॉर्मचा फोटो काढून ठेवा. फोनचा किंवा खात्याचा पासवर्ड कुणालाही देऊ नका.

एकट्याने नकार दिला तर नोकरी जाईल ही भीती खरी आहे, म्हणूनच हे काम एकट्यादुकट्याचे नाही. दर मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते. तुम्हाला भरायला लावलेल्या फॉर्मची प्रत घेऊन तिथे या. नाव झाकले तरी चालेल, पण रकाने दिसले पाहिजेत. या मागण्यांचा अर्ज प्रत्येकाने द्यावा, पोच घ्यावी आणि पुढच्या रोजगार मेळाव्यापर्यंत उत्तर मागत राहावे.

आपले,
बुऱ्हाणपूरचे नोकरीइच्छुक तरुण-तरुणी आणि त्यांचे पालक

(वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरी द्या.)