घरची खुडूक व जत्रेंतील रंगीत पिलें

जत्रेंत गुलाबी, हिरवीं व जांभळीं पिलें पाटींत घालून विकणारा मनुष्य आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. मूल हट्ट धरतें, बाप दहा-वीस रुपये मोजतो, आणि चौथ्या दिवशीं परसांत लहानसा खड्डा खणावा लागतो. गेल्या वर्षीं माझ्या नातवानें आणलेल्या सहा पिलांचें असेंच झालें. तेव्हांपासून माझें ठाम मत झालें आहे कीं, मुलांस पिलांचा लळा लावावयाचा असेल तर तीं विकत आणूं नयेत; घरच्या खुडूक कोंबडीखालीं उबवावींत.

हीं रंगीत पिलें बहुधा अंड्यांसाठीं पाळावयाच्या जातींतील नर असतात. त्यांचें अंग मांसाच्या दृष्टीनें हलकें, म्हणून पोसणें परवडत नाहीं. उबवणी केंद्रांत ते पहिल्याच दिवशीं वेगळे काढले जातात. पहिल्या आठवड्यांत पिलास सुमारें ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते. रंगानें भिजलेलें पिलूं जत्रेच्या वाऱ्यांत दिवसभर कुडकुडल्यावर घरीं कितीही कणी घाला, उपयोग काय? मूल मात्र समजतें कीं आपल्याच हातून कांहीं चुकलें. माझा नातू दोन दिवस नीट जेवला नाहीं.

यंदा माघांत आमची गावरान कोंबडी खुडूक बसली. पाटींत पेंढा घालून तिच्याखालीं अकरा अंडीं ठेविलीं. सातव्या रात्रीं बॅटरीच्या उजेडापुढें अंडें धरून नातवास आंतील तांबड्या शिरांचें जाळें दाखविलें. दोन अंडीं वांझ निघालीं. विसाव्या दिवशीं कवचाआंतून चिवचिव ऐकूं आली, तेव्हां त्याच्या हांका ऐकून त्याचा बापही मोबाईल टाकून धांवत आला. नवांतून आठ पिलें निघालीं. निघण्यापूर्वीं पिलूं बलक पोटांत ओढून घेतें, तेव्हां पहिल्या दिवशीं चारावयाची घाई नको. मानमोडीची लस मात्र पहिल्या आठवड्यांतच द्यावी, व पिलें हाताळल्यावर मुलांस साबणानें हात धुवावयास लावावें.

कोनराड लोरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञानें १९३५ सालीं हंसाच्या पिलांविषयीं लिहिलें कीं, जन्मतांच समोर जें हलतांना दिसेल त्यालाच आई समजून तीं त्याच्या मागें लागतात. यावरून कोणी पिलें आईपासून तोडून मुलाच्या मागें लावूं पाहतील. तें मला पसंत नाहीं. आईखालचें पिलूंही रोज एकाच हातानें कणी मिळाल्यास थोड्या दिवसांत तळहातावर चढतें. शिवाय रात्रीची ऊब कोंबडी सांभाळते, वीज गेल्याची धास्ती नाहीं.

असो. खरी अडचण पुढेंच आहे. आठांत पांच नर निघाले. अडचणीचें प्रकरण पुढल्या तारखेवर ढकलण्याची विद्या मीं महसुली दप्तरांत तीस वर्षें पाहिली. घरांत ती चालत नाहीं. आमच्या घरीं कोंबडी कापतात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. म्हणून अंडीं ठेवण्यापूर्वींच नातवास सांगितलें होतें कीं, माद्या व एक नर राहील, बाकीचे नर बाजारांत जातील. तो रडला. सूनबाईंनीं मला निष्ठुर म्हटलें. परंतु माझ्या लहानपणीं वडिलांनीं माझा लाडका कोंबडा पाहुण्यांसाठीं कापला व कोल्ह्यानें नेला म्हणून सांगितलें. शेजारच्या पोरानें खरें सांगितलें, तेव्हां मी तो रस्सा जेवून बसलों होतों. तें मी अद्याप विसरलों नाहीं.

नर आतां तीन महिन्यांचे होऊन आरवूं लागले आहेत. त्यांतला एक शेताच्या बांधाबांधानें मान उंच करून फिरतो, म्हणून नातवानें त्याचें नांव तलाठी ठेविलें आहे. कोणता राखावयाचा याचा निकाल त्यानेंच द्यावयाचा आहे. सध्यां तरी तलाठ्याचें पारडें जड दिसतें.