‘माझे गाव’ या निबंधात गाव कुठं असतं?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, आज तयार निबंध देत नाही. उलट आपल्याच तयार निबंधांविरुद्ध थोडं बोलायचं आहे.

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात एका रात्रीच्या पावसानं घराघरांत पाणी शिरलं. धान्य भिजलं, संसार वाहून गेले. त्यानंतर चाचणीत ‘माझे गाव’ हा विषय आला. एका मुलानं लिहिलं, गावाजवळून झुळझुळ नदी वाहते. त्याच्या वह्या त्याच नदीनं नेल्या होत्या! चूक त्याची नव्हती. ती ओळ आम्हीच त्याच्याकडून पाठ करून घेतली होती.

मुलांना शहर कसं वाढलं विचारा, मुंबईची सात बेटं सांगतील. कुरुंदा कसं वाढलं? गप्प. आता हे वसमत तालुक्यातलं बाजारपेठेचं मोठं गाव. पोलीस ठाणं आहे, दुकानांची रांग आहे, आसपासच्या खेड्यांची माणसं इथं येतात. ही पेठ आधी कुठं भरायची, कोणती वस्ती नंतरची, पूर्वी पाणी कोणत्या वाटेनं निघून जायचं, हे कुठल्याच पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र माहीत असतं. पाण्याची जुनी वाट ठाऊक नसताना घर बांधलं की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

घरातल्या नव्वदीच्या आजीचंच बघा. लहानपणी ती निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर भारतात आली, १९५६ ला मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तिचा जिल्हाही बदलला. आणि एवढ्यात तिनं ओसरीसुद्धा सोडली नाही. अहो, अख्खा इतिहासाचा धडा चहा पीत बसलाय आणि आपण मुलाला म्हणतो, आजीला त्रास देऊ नको, अभ्यास कर.

आडनावाचंही तसंच. नरहर कुरुंदकर हे नाव मोठ्या वर्गातली मुलं ऐकून असतात. जन्म १९३२ चा, नांदापूरचा. पुढं नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. पण ‘कुरुंदकर’ म्हणजे आपल्या कुरुंद्याचे, हे किती जणांना माहीत असतं? मला स्वतःला नोकरी लागल्यावर कळलं, खोटं कशाला बोलू.

काही पालक म्हणतात, सर, असल्या लिखाणाला मार्क मिळतील का? प्रश्न रास्त आहे. माझं मत असं की मार्क देणारे आपणच, तर सुरुवातही आपणच करावी. ‘टुमदार’, ‘हिरवेगार’ लिहिलेल्या दहा ओळींपेक्षा ‘आमच्या घरात पाणी इथपर्यंत आलं होतं’ ही एक ओळ मी जास्त गुणांची मानतो. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याच्या शेतात हळद आहे त्यानं ती कशी शिजवतात, कशी वाळवतात ते लिहावं. गुलाब कशाला?

या रविवारी मुलाला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसवा. दोनच प्रश्न: आपलं घर आहे तिथं आधी काय होतं, आणि पाणी कुठून जायचं? पाच ओळी आल्या तरी पुरे. बोलीत असल्या तरी चालतील, शुद्धलेखन आपण नंतर बघू.