सामान मागे, जहाज पुढे

आपल्या आईवडिलांच्या पिढीला लांबचा प्रवास म्हणजे काशी-रामेश्वर, फार तर चारधाम. बडोदे स्टेशनवर होल्डॉल आणि पत्र्याची ट्रंक मोजून गाडीत चढवायची, रात्री ट्रंकेला साखळी-कुलूप लावायचे आणि मगच डोळे मिटायचे. सामान जड असे, परंतु ते नजरेसमोर असे. आता आपल्या समाजातील कुटुंबे सिंगापूर, बार्सिलोना किंवा मायामीहून सुटणाऱ्या क्रूझवर जातात. २०२१ पासून मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे जाणाऱ्या क्रूझही सुरू झाल्या आहेत. आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडे अशी तीन पिढ्यांची सहल एका जहाजावर होते, ही आनंदाचीच गोष्ट आहे. फतेगंजातील माझ्या दवाखान्यात सुट्टीच्या आधी हमखास विचारला जाणारा प्रश्न असतो, "डॉक्टर, बाळाला बोट लागेल का हो?" बोट लागण्यावर औषध आहे. पण "बॅगच पोचली नाही तर?" हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते अधिक गंभीर प्रश्न तोच आहे.

बॅग हरवणे ही दुर्मीळ गोष्ट नव्हे. विमानतळांना संगणक-व्यवस्था पुरविणाऱ्या सिटा या संस्थेच्या अहवालांनुसार २००७ साली दर हजार प्रवाशांमागे सुमारे एकोणीस बॅगांची गफलत होत असे. २०२४ पर्यंत हे प्रमाण ६.३ वर आले. सुधारणा मोठीच आहे. तरीही एका भरलेल्या विमानात तीनशे प्रवासी धरले, तर सरासरीने दोन बॅगा उशिरा पोचतात, फुटतात किंवा नाहीशा होतात. यातील सर्वांत मोठा वाटा असतो तो वाटेत विमान बदलताना मागे राहिलेल्या बॅगांचा. आपण बडोदेकर परदेशात जायचे म्हणजे बहुधा मुंबई, अहमदाबाद किंवा दिल्ली गाठतो आणि पुढे आणखी एखाद्या विमानतळावर विमान बदलून बंदराच्या गावी उतरतो. जितके बदल, तितकी जोखीम अधिक.

यात दिलासा इतकाच, की बहुसंख्य बॅगा हरवत नाहीत, उशिरा येतात. हॉटेलात उतरलेल्या माणसाला दोन दिवसांचा उशीर हा केवळ त्रास असतो. जहाजावरील माणसाची स्थिती वेगळी आहे, कारण त्याचे हॉटेल संध्याकाळी पाच वाजता नांगर उचलून निघून जाते. बॅग दुसऱ्या दिवशी बंदरावर पोचते, तेव्हा प्रवासी समुद्रात असतो. विमान कंपनी तिला पुढच्या बंदरावर पाठवू पाहते. तेथेही जहाज आठ-दहा तासच थांबते. सात दिवसांच्या क्रूझमध्ये बॅग आणि तिचा मालक यांची गाठ शेवटच्या बंदरावर पडली, असेही घडते.

खुद्द जहाजाच्या व्यवस्थेतही दोन वेळा सामान आपल्या हातून सुटते. चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या खोलीच्या दारापर्यंत यायला संध्याकाळ होते. उतरण्याच्या आदल्या रात्री त्या पुन्हा दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि सकाळी धक्क्यावर मिळतात. या दोन्ही वेळी सकाळ-संध्याकाळची औषधे मोठ्या बॅगेत राहून गेलेली असतात. पासपोर्ट त्या बॅगेत गेला, तर जहाजावर पाऊलही ठेवता येत नाही.

आता आपल्या घरातील बांधाबांध डोळ्यांसमोर आणा. थेपले, खाकरे, चकल्या आणि लोणच्याची बरणी यांच्याबद्दल आपण अतिशय दक्ष असतो. थेपले विमानात हाताशी हवेत म्हणून ते खांद्यावरच्या पिशवीत जातात आणि औषधांचा डबा "जागा खातो" म्हणून मोठ्या बॅगेच्या तळाशी जातो. मला थेपल्यांचे वावडे नाही, पण हा क्रम उलटा आहे. थेपले हरवले तर जहाजावर चारी ठाव जेवण मिळते; औषध हरवले तर त्याच्या जागी काय मिळेल, हे सांगता येत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे उपचार घेणाऱ्या एका सात वर्षांच्या मुलाचे कुटुंब असेच युरोपात क्रूझसाठी गेले. मुलाला अपस्माराच्या झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएटचे सिरप चालू होते. विमान बदलताना बॅग मागे राहिली आणि जहाज वेळेवर सुटले. जहाजावरील डॉक्टरांनी वडिलांना तीन गोष्टी विचारल्या : औषधाचे रासायनिक नाव काय, पाच मिलिलिटरमध्ये किती मिलिग्रॅम आणि मुलाचे वजन किती. वडिलांना माहीत होते ते "सकाळ-संध्याकाळ एक-एक चमचा". त्यांनी दूरध्वनी केला, केसपेपर सापडला, आकडे कळविले आणि त्या रात्री डोस चुकला नाही. मुलगा सुखरूप राहिला. बडोद्यात तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दूरध्वनी लागला नसता तर काय झाले असते, याचा विचार सर्वांनीच करण्यासारखा आहे.

"एक चमचा" हे माप समुद्रापलीकडे चालत नाही. आपल्याकडील व्हॅल्प्रोएट सिरपमध्ये पाच मिलिलिटरला सामान्यतः २०० मिलिग्रॅम औषध असते, तर अमेरिकेत तेवढ्याच सिरपमध्ये २५० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉलचे सिरप आपल्याकडे १२० किंवा १२५ आणि २५० अशा निरनिराळ्या शक्तींचे मिळते, अमेरिकेत ते १६० चे असते आणि त्याचे नावही तेथे ॲसिटामिनोफेन असते. आपल्या दुकानातील व्यापारी नाव तेथील डॉक्टरांना अनोळखी असते. लहान मुलाचा डोस किलोग्रॅममागे ठरतो. त्यात अंदाजाला जागा नाही.

सर्वच औषधे सारखी निकडीची नसतात, हेही वाचकांनी समजून घ्यावे. थायरॉईडच्या गोळीचा अंमल शरीरात दीर्घकाळ टिकतो. दोन-तीन दिवस ती चुकली तर सहसा काही बिघडत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीचेही तसेच. याउलट टाईप-१ मधुमेहाच्या मुलाला इन्सुलिन मिळाले नाही, तर एका दिवसातच रक्तातील आम्ल धोकादायक पातळीला जाऊ शकते. अपस्माराचे औषध एकाएकी थांबले तर न थांबणारे झटके येऊ शकतात. दीर्घकाळ चालू असलेले स्टेरॉइड अचानक बंद होणे जिवावर बेतू शकते. दम्याचा पंप, हृदयाच्या ठोक्यांवरील औषध आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या याच रांगेत बसतात. इन्सुलिन तर मोठ्या बॅगेत ठेवूच नये, कारण विमानाच्या पोटात ते गोठण्याची शक्यता असते आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. हातातील सामानात द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा असली, तरी आवश्यक औषधे आणि तान्ह्या बाळाचे दूध यांना तपासणीच्या वेळी सांगितल्यास सवलत मिळते.

येथे काही मंडळी म्हणतील, "जहाजावर दवाखाना असतोच की!" असतो, आणि तेथील डॉक्टर आणीबाणीच्या प्रसंगी उत्तम काम करतात. परंतु तो आणीबाणीचा दवाखाना आहे, औषधांचे दुकान नव्हे. प्रत्येक प्रवाशाची नित्याची औषधे, त्यातही बालकांची सिरपे, तेथे असतीलच असे नाही. आणि तपासणीचे बिल डॉलरमध्ये खोलीच्या खात्यावर चढते. दुसरे काही म्हणतील, "विमा उतरवला आहे." विम्याचे पैसे घरी परतल्यावर मिळतात. चौथ्या रात्रीचा डोस विमा देत नाही.

तरीही हक्क माहीत असावेत. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाला माँट्रियल करार लागू होतो. भारत त्यात २००९ साली सामील झाला. सामानाच्या नुकसानीची मर्यादा त्यात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या 'एसडीआर' या एककात ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास आहे. ही कमाल मर्यादा आहे, आपोआप मिळणारी रक्कम नव्हे. म्हणून पावत्या जपाव्यात. बॅग फुटलेली मिळाली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. एकवीस दिवसांत ती आलीच नाही, तर हरवली असे धरता येते. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे.

विमानतळाबाहेर पडण्यापूर्वीच सामान-तक्रारीचा अर्ज भरून त्याचा क्रमांक घ्यावा. क्रूझच्या प्रवाशाने त्या अर्जात केवळ हॉटेलचा पत्ता देऊन भागत नाही. जहाजाचे नाव, खोलीचा क्रमांक आणि पुढील प्रत्येक बंदर व तेथील तारीख लिहून द्यावी. जहाजावर पोचताच स्वागतकक्षाकडून पुढील बंदरातील कंपनीच्या एजंटाचे नाव-पत्ता घेऊन तो विमान कंपनीला कळवावा. बॅग शेवटी त्याच्याच हाती पडायची असते. शक्य असेल तर जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोचावे. एका रात्रीच्या हॉटेलचा खर्च हा मला प्रवासातील सर्वांत शहाणा खर्च वाटतो. पतिपत्नींनी आपापले कपडे दोन्ही बॅगांत निम्मे-निम्मे ठेवावेत. कपड्यांचा प्रश्न तसा सोपाच. जहाजावर धोबीखाना असतो, दुकान असते आणि एकाच सदऱ्यात तीन दिवस काढलेला माणूस पुढे तेच किस्से रंगवून सांगतो.

भरपाई वस्तूची किंमत देते, तिचे मोल देत नाही, याचे एक उदाहरण आपल्या बडोद्याशी जोडलेले आहे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली न्यूयॉर्कला आणि पुढे लंडनला गेलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने शिक्षण अर्धवट टाकून परतले. ते स्वतः एका बोटीने आले. त्यांचे सामान आणि ग्रंथ दुसऱ्या बोटीवर होते. महायुद्ध चालू होते. ती बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडवली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेले ग्रंथ समुद्राच्या तळाशी गेले. थॉमस कुक कंपनीने सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये दिले. त्यातील काही पैसे घरी देऊन उरलेल्या पैशांवर ते कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू होण्यास आले. आणि या शहरात त्या विद्वानाला राहायला खोली मिळाली नाही! पारशी सराईतून हुसकून लावल्यावर मुंबईची गाडी येईपर्यंतचा वेळ त्यांनी कमाटी बागेत बसून काढला. फतेगंजातून ती बाग चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्यापैकी अनेक जण तेथे रोज सकाळी फिरायला जातात. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेला अभ्यास त्यांनी पूर्ण केला. बुडालेले ग्रंथ मात्र सहाशे रुपयांत परत आले नाहीत. आपल्या सहलीच्या बॅगेची त्या ग्रंथांशी तुलना करण्याचा धीटपणा मी करणार नाही. एवढेच म्हणेन, की जे पैशाने भरून येत नाही ते कोणते, हे निघण्यापूर्वी ओळखता आले पाहिजे.

आणि येथेच आम्हा डॉक्टरांची जबाबदारी येते. औषधांची नावे रासायनिक लिहावीत हा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीतील संकेत आहे. ती स्पष्ट आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, असे २०१६ साली त्यात घालण्यात आले. आपल्यापैकी किती जणांचे कागद परक्या बंदरावरील डॉक्टरला वाचता येतील? रुग्णाने औषध मोठ्या बॅगेत ठेवले ही त्याची चूक म्हणावी, तर त्याच्या खिशात वाचता येईल असा कागद नाही ही कोणाची?

म्हणून आपल्या मंडळापुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येक नियमित रुग्णाला आपण विनामूल्य एक पानी प्रवासपत्रक द्यावे. त्यात इंग्रजी मोठ्या अक्षरांत निदान, औषधाचे रासायनिक नाव, त्याची शक्ती, मिलिग्रॅममध्ये डोस, ॲलर्जी, मुलांच्या बाबतीत अलीकडचे वजन आणि डॉक्टरांचा दूरध्वनी असावा. कोणते औषध एक वेळही चुकवू नये, त्याखाली ठळक रेघ मारावी. झोपेच्या गोळ्या, कोडीन किंवा ट्रॅमॅडॉल यांसारख्या औषधांवर सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा देशांत निर्बंध आहेत. तेथे जाणाऱ्यांना आगाऊ परवानगीची आठवणही त्याच पत्रकात करून द्यावी. वाचकांनीही हे पत्रक हक्काने मागावे. त्याची एक प्रत खिशात, एक मोबाईलमध्ये आणि औषधे मूळ वेष्टनासह खांद्यावरच्या पिशवीत, पूर्ण प्रवासाला पुरून चार दिवस अधिक उरतील इतकी.

असे पत्रक लिहायला दहा मिनिटे लागतात. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्याचा छापील नमुना तयार करून तो प्रत्येक सदस्याच्या दवाखान्यात पोचविता आला, तर या वर्षीच्या प्रवाशांना त्याचा उपयोग होईल. मजकुराचा कच्चा खर्डा करून देण्याची तयारी मी येथेच नोंदवून ठेवतो.